पाच माणसं, चार अळूवड्या

जागा माझ्या लेकीने निवडली. जुलैत आईला पंचाहत्तर पूर्ण होत होती. दादाला हॉल घेऊन पन्नास माणसं बोलवायची होती. आईने त्याला एका वाक्यात थांबवलं, "माझ्या वाढदिवसाला मी पन्नास माणसांचं करणार नाही." हॉलचं जेवण केटरर करतो हे तिला कितीही सांगा, पन्नास पानं म्हटली की ती तांदूळ निवडायला बसते. मग लेक म्हणाली, आपण पाचच जण बाहेर जेवू. लोअर परळला एका गिरणीच्या आवारात नवीन ठिकाण आहे, जेवण कोकणातलं, पण लहान लहान प्लेटांमध्ये येतं, सगळ्यांनी मिळून खायचं. आईच्या कानात त्यातलं एकच शिरलं.

"खंयची गिरण?"

आईची खानावळ डिलाईल रोडला होती. दहा बाय बाराची खोली, समोर चाळीची गॅलरी, आणि दोन पाळ्यांत मिळून अठरा जेवणारी माणसं. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत भाकऱ्या तयार हव्यात, म्हणून आई पहाटे तीनला उठायची. जेवणारे बहुतेक सावंतवाडी, कणकवलीकडचे. बायकामुलं गावाला आणि इथे एका खोलीत दहा-बाराजण, अशी त्यांची राहणी. हिशेब पगाराच्या दिवशी. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी, सावकाराच्या दारात न जाता बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आईची मोठी पातेली त्या कर्जातून आली होती. त्यातलं एक अजून माझ्याकडे आहे.

हे सगळं सांगायचं कारण, त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर जेवणाबद्दल सगळ्यात जास्त कळणारी व्यक्ती आई होती, हे मला तिथे बसल्यावर उमगलं. ठिकाण निवडताना मात्र आम्ही सगळे तिला सांभाळून न्यायचं आहे अशाच बोलीत बोलत होतो.

टेबल पंधरा दिवस आधी धरावं लागलं. शनिवार मिळाला नाही, गुरुवार मिळाला, आणि वहिनीचा गुरुवारचा उपास असल्यामुळे शेवटी बुधवार ठरला. माणशी पाचशे रुपये आगाऊ भरायचे, ते बिलातून वजा होतात. वेळ सात ते नऊ. नऊला टेबल दुसऱ्यांना. हे मला खटकलं आणि अजूनही खटकतं. पंचाहत्तरीच्या बाईला जेवताना घड्याळ दाखवायचं, हे कसलं आदरातिथ्य? आईला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "दुसरी पाळी जेवायला येते ना मग. आपल्याकडे पण उठायलाच लागायचं."

पाऊस धो धो. डिलाईल रोडचा पूल २०१८ साली बंद झाला होता, तो पुन्हा पूर्ण सुरू झाला २०२३च्या नोव्हेंबरात, त्यामुळे आई नव्या पुलावरून पहिल्यांदाच जात होती. आवारात शिरताना ती काचेतून वर बघत होती. चिमणी शोधत असणार. मी विचारलं नाही. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे आले, आवारांत कचेऱ्या आल्या, मग जेवणाची ठिकाणं. २०१५ साली शेफ फ्लॉइड कार्डोझ आणि त्यांच्या सोबत्यांनी कमला मिलमध्ये ‘द बॉम्बे कॅन्टीन’ सुरू केलं, त्यानंतर देशी भाज्या, गावाकडची धान्यं, घरातले विसरलेले पदार्थ अशा ठिकाणी मानाने मांडले जाऊ लागले. आम्ही गेलो ते ठिकाण त्याहून बरंच नवीन आणि लहान, पण वाट तीच. याच कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ला मध्यरात्रीनंतर आग लागून चौदा माणसं गेली, तेव्हापासून मी कुठल्याही अशा जागी बसायच्या आधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघून घेते. इथेही बघितला. मोकळा होता, समोर खुर्च्या रचलेल्या नव्हत्या. तो बघूनच मी बसले.

दिवे फार मंद. मेन्यू कागदावर होता ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट, पण आईला एक अक्षर दिसेना. लेकीने फोनचा उजेड धरला आणि एकेक पदार्थ मोठ्याने वाचला. वाढणारा मुलगा विशीतला, उत्तराखंडचा. त्याने हिंदीतून पद्धत समजावली. माणशी दोन ते तीन प्लेटा धरायच्या, म्हणजे पाच जणांना दहा-बारा. जे जे तयार होईल ते येत राहील, आधी अमुक मग तमुक असा क्रम नाही. प्लेट मधे ठेवायची, प्रत्येकाने थोडं थोडं घ्यायचं. पुढ्यात रिकाम्या ताटल्या मांडल्या, त्या पण बशीएवढ्याच.

आईने दोन प्रश्न विचारले. पहिला, "एका प्लेटीत नग किती?" दुसरा, "वाढायचा चमचा वेगळा देणार का?"

दुसऱ्या प्रश्नाने वहिनी जरा अवघडली, पण मुलाने लगेच हो म्हटलं आणि प्रत्येक प्लेटीबरोबर वेगळा चमचा येत गेला. आमच्याकडे पाच माणसांनी एका बशीत आपापले चमचे घालायची सवयच नाही. पानात मीठ कुठे, चटणी कुठे, भाजी कुठल्या हाताला, भात कुठे, हे सगळं ठरलेलं, आणि जे ज्याच्या पानात पडलं ते त्याचं. स्पेनमधले तापास किंवा तुर्कस्तान-लेबनॉनकडचे मेझे खाणाऱ्यांना मधल्या बशीतून उचलून खाण्यात काही वाटत नसेल. उष्ट्याचा विचार आमच्या हाडात आहे आणि तो चुकीचा आहे असं मला वाटत नाही. तुम्ही घरच्या मोठ्या माणसांना घेऊन अशा ठिकाणी जाणार असाल तर वेगळा चमचा सुरुवातीलाच मागून घ्या. त्यानंतर आई मोकळेपणाने जेवली.

नगांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अडचणीचं निघालं. अळूवडीचे नग चार. आंबोळीवरचं मटण चार. कोळंबी तीन. कोंबडी-वड्यातले वडे तीन. आम्ही पाच. पाचाच्या हिशेबाची एकही प्लेट नाही. मेन्यू लिहिणाऱ्याने दोघांचं किंवा चौघांचं टेबल डोळ्यांसमोर ठेवलेलं असावं. कुटुंब म्हणून कोणी येईल हे त्याच्या मनात आलं नसावं.

पहिली प्लेट आली ती जवळ्याच्या लोण्याची. सुका जवळा भाजून, कुटून, लोण्यात लसूण-मिरचीबरोबर फेटलेला, आणि बाजूला कोळशावर शेकलेले पावाचे तुकडे. लेक म्हणाली, आजी, इथे बोंबील नाहीत बघ. आई म्हणाली, आत्ता कुठले असतील, दर्या बंद आहे. जून-जुलै दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. आमच्या खानावळीतही या दिवसांत बरणीतलं सुकं बाहेर निघायचं. त्या स्वयंपाकघराने पावसाळ्यात हट्टाने बर्फातला मासा न ठेवता सुका जवळा ठेवला, हे आईने मेन्यू कानावर पडला तेव्हाच हेरलं होतं. "ह्यांका कळता," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूप झालं.

मग अळूवडी. चार.

आईचा हात आपोआप चमच्याकडे गेला. तिने दादाला वाढली, वहिनीला वाढली, नातीला वाढली, मला वाढली. बशी रिकामी झाली.

"माका नको. पोट भरला."

जेवायला बसून पंधरा मिनिटं झाली होती आणि तिच्या पोटात पावाचा एक तुकडा गेला होता. हे वाक्य मी किती वर्षं ऐकत आलेय. संपाच्या वर्षी खानावळीतली निम्मी माणसं गावाला गेली, उरलेली उधारीवर जेवत होती. तेव्हा आईने आमटीची पळी बदलली. मोठी पळी खुंटीला टांगली आणि लहान काढली. सगळ्यांना दोनदा वाढलं की कोणाला कमी पडलं असं वाटत नाही, हा तिचा हिशेब. शेवटी पातेलं खरवडून झालं की ती आम्हाला म्हणायची, माका नको, पोट भरला. मला तेव्हा ते खरं वाटायचं.

मी माझी वडी तिच्या बशीत ठेवली. ती परत माझ्या बशीत आली. लेकीने काहीच न बोलता हात वर करून मुलाला बोलावलं आणि आणखी एक प्लेट अळूवडी सांगितली. शिवाय विचारलं, कोळंबीचे तीनऐवजी पाच नग करता येतील का? तो म्हणाला, येतील, जादा नगांचे पैसे त्याच दराने लागतील. एवढं सोपं होतं ते! आधीच विचारायला हवं होतं. अशा बऱ्याच ठिकाणी करून देतात, पण आपण होऊन सांगत नाहीत. आंबोळीचंही विचारलं, पण ती तोवर तव्यावर गेली होती.

दुसऱ्या प्लेटीतली पहिली वडी वहिनीने आईला वाढली. "आई, तुम्ही आधी घ्या. आता मी वाढते." आईने एक क्षण तिच्याकडे बघितलं आणि खाल्ली. कुरकुरीत होती, गरम होती, तोंडातून वाफ आली. मला वाटतं, बाहेर आलेली इतकी गरम अळूवडी तिने आयुष्यात क्वचितच खाल्ली असेल. तळणारीच्या वाट्याला येते ती शेवटची, निवलेली.

त्यानंतर ती स्वयंपाकघराकडे बघू लागली. ते उघडंच होतं, आम्हाला काचेपलीकडे चार-पाच माणसं काम करताना दिसत होती. वरच्या पट्टीला ऑर्डरच्या चिठ्ठ्या टाचत होते. आई त्याच्यात रमली. प्लेटा कुठल्याही क्रमाने येतात असं आम्हाला वाटत होतं, तिला तसं वाटेना. तळणीचं पटकन होतं, म्हणून अळूवडी आणि मक्याची भजी लागोपाठ आली. पिठी पातेल्यात तयारच असणार, फक्त फोडणी वरून घालायची, म्हणून तीही आली. सुरणाचे काप आणि आंबोळी दोन्ही तव्याची. "तवो एकच आसा," तिने सांगितलं, "आणि थंय उभो आसा तो पोरगो नवीन आसा. उलटण्याची घाई करता." खरोखरच पुढची वीस मिनिटं टेबलावर काही आलं नाही, आणि मग काप आणि आंबोळी एकदम आले. कापांची एक बाजू करपली होती. अशा जेवणाची ही मोठी गोम आहे. एकदा टेबल भरून जातं, बशा ठेवायला जागा नसते, आणि मग माणसं रिकाम्या बशांसमोर बोलत बसतात. सगळं एकदम न सांगता तीन-चार प्लेटा सांगाव्यात, त्या आल्या की पुढच्या. आम्ही अकराच्या अकरा सांगून बसलो होतो.

पिठीबद्दल थोडं सांगायलाच हवं. कुळथाची पिठी. लहान मातीच्या वाटीत, वर लसणीच्या फोडणीचं लाल तेल आणि कडेला भाजलेल्या पापडाचा तुकडा. तीनशे नव्वद रुपये. दादाने किंमत मोठ्याने वाचली आणि गप्प झाला. आमच्याकडे पिठी म्हणजे घरात काही नाही त्या दिवशीचं जेवण. महिनाअखेरीस भात आणि पिठी. आईने ती खानावळीत कधी वाढली नाही, पैसे देऊन जेवणाऱ्या माणसाला पिठी वाढायची तिला लाज वाटायची. आता ती मातीच्या वाटीत समोर होती आणि शेजारच्या टेबलावरची मुलं तिचे फोटो काढत होती. मला किमतीचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. आईने चमचाभर तोंडात घेतली, जिभेवर ठेवली. गुठळी एकही नव्हती. कुळीथ नीट भाजून दळलेला होता, कच्चा वास नाही. आंबटपणा आमसुलाचा, चिंच नाही. "लसूण शेवटाक घातली," ती म्हणाली, "वरून. आम्ही आधी घालतो. हां बरा लागता." आणि तिने स्वतःहून दुसऱ्यांदा घेतली. त्या संध्याकाळी कोणी न वाढता तिने दुसऱ्यांदा घेतलेला हा पहिला पदार्थ. माझा राग तिथे जरा निवला. जे आम्ही लपवलं ते कोणीतरी निगुतीने करून उजेडात, निदान त्या मंद उजेडात, मांडलं होतं. किंमत मला आजही जास्त वाटते. दोन्ही खरं आहे.

कोळंबी आली, पाच. कोंबडी-वडे आले, तीन वडे, ते लेकीने हाताने तोडून वाटले. चव चांगली होती, वाटणात खोबरं जरा जास्त. आंबोळीवरचं मटण अप्रतिम. एक तुकडा कमी पडला तो दादाने सोडला. तोही आईचाच मुलगा.

आठ वाजून गेले तेव्हा आईने चौथ्यांदा विचारलं.

"भात खंय?"

भात सांगितलेला होता, आंबेमोहोर आणि त्यावर डाळिंब्यांचं बिरडं, पण तो येईना. मुलाला विचारलं. तो म्हणाला, भात साधारणपणे शेवटी पाठवतो. मी त्याला सांगितलं की आमच्या आईचं भाताशिवाय जेवण सुरूच होत नाही, आत्तापर्यंत तिने जे खाल्लं ते तिच्या लेखी चहाबरोबरचं आहे. त्याने मान हलवली आणि खरंच आत जाऊन पुढच्या पाच मिनिटांत भात आणला. माणशी दोन-तीन घास. सुवास सुरेख, दाणा मोकळा, डाळिंब्या सोललेल्या, हिंगाचा वास. पण दोन-तीन घास! भाताच्या बाबतीत लहान प्लेट ही कल्पना मला मुळीच पटत नाही. बाकी कशाचाही तुकडा चाखून माणूस उठू शकेल, भात पोटभरच हवा.

वाट बघताना आईने त्या मुलाला तिच्या मुंबईच्या हिंदीत विचारलं होतं, तू कधी जेवतोस? त्याने सांगितलं, साडेपाचला, दार उघडायच्या आधी सगळे एकत्र बसून जेवतात. स्वयंपाक करणारे, वाढणारे, भांडी घासणारे सगळे. आज काय होतं? राजमा-चावल. आईने समाधानाने मान डोलावली. "आधी जेवतंत ता बरा," ती आम्हाला म्हणाली. "भुकेल्या माणसाक वाढूक लावू नये. त्याचो हात थरथरता."

ती पस्तीस वर्षं भुकेल्या पोटीच वाढत आली होती. टेबलावर कोणीच काही बोललं नाही. लेकीने आजीच्या हातावर हात ठेवला.

खरवस शेवटी आला, जायफळ घातलेला, गुळाचा. त्याच्या सहा चौकोनी वड्या होत्या. पाचांना पाच, एक उरली. ती मधे तशीच राहिली, पोळीचा शेवटचा तुकडा राहतो तशी.

नऊला दहा कमी असताना बिल. पदार्थ आणि कोकमाची तीन सरबतं मिळून ७,०७० रुपये. त्यावर १० टक्के सेवा शुल्क, ७०७ रुपये, आणि मग पाच टक्के जीएसटी. हे सेवा शुल्क सक्तीचं नाही, हे कित्येकांना ठाऊक नसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ला त्या कायम केल्या. मी व्यवस्थापकाला नीट शब्दांत ते काढायला सांगितलं. तो आधी म्हणाला, आमच्याकडे सगळेच देतात. मी पुन्हा सांगितलं. मग नवीन बिल आलं, जीएसटी धरून ७,४२३ रुपये ५० पैसे. आगाऊ भरलेले अडीच हजार वजा. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, त्याची गरज पडली नाही. त्या मुलाच्या हातात आम्ही वेगळे पैसे दिले. सातशेपेक्षा थोडे जास्तच. वाढणाऱ्याचे पैसे वाढणाऱ्याला मिळावेत, एवढंच माझं म्हणणं होतं. आई शेजारीच उभी होती.

आम्ही उठलो तेव्हा खरवसाची ती उरलेली वडी बशीत नव्हती. कोणी घेतली ते मी बघितलं नाही, पण आई रुमालाने बोटं पुसत होती.

टॅक्सीत ती पुढे बसली, गुडघ्यांमुळे. काचेवर पाऊस, पुलाखालचे दिवे. बराच वेळ गप्प होती. मला वाटलं थकली. करी रोडचा सिग्नल लागला तेव्हा तिने मागे मान वळवली.

"पुढच्या वेळेक भात पहिलो सांगा," ती म्हणाली. "पिठी दोन घेवया. आणि कोळंबी पाच नग करतंत काय ता बसल्या बसल्या इचारा."